‘लेट’ या शब्दाचे दोन अर्थ

इंग्रजी पवित्र शास्त्र वाचणाऱ्या उपदेशक बंधूंनी ‘लेट’ हा लहानसा शब्द नीट ओळखावा, असे आम्हांस वाटते. ‘होऊ देणे’ हा त्याचा नेहमीचा अर्थ. ‘अलाउ’ व ‘परमिट’ हे त्याचे समानार्थी शब्द होत. घर भाड्याने देणे यासही ‘लेट’ म्हणतात. परंतु जुन्या इंग्रजीत ‘अडविणे’ या अर्थाचा एक निराळा शब्द होता; पुढे दोहोंचे रूप एकच झाले. ‘गाडी लेट झाली’ असे आपण म्हणतो, त्यातील ‘लेट’ या दुसऱ्याचा नातलग होय. कारण ज्याला अडविले, त्याला उशीर होतो.

इ. स. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात रोमकरांस पत्र १:१३ येथे हाच दुसरा अर्थ आहे. पौल रोमेस जाऊ इच्छीत होता, पण त्यास अडथळा झाला. तेथे पहिला अर्थ घेतला तर प्रेषिताचे म्हणणे अगदी उलटे होते. म्हणून १८८१ च्या सुधारलेल्या भाषांतरात ‘हिंडर’ हा स्पष्ट शब्द घातला. भारताच्या पासपोर्टावर मात्र ‘अडथळा’ या अर्थी ‘लेट’ अजून छापलेला आहे.

तेव्हा शब्द ओळखीचा दिसला, तरी आपण मागचापुढचा संबंध पाहावा आणि मगच मंडळीस शिकवावे.