चीनच्या बाजारात नोकरी : पावतीवर नाव कोणाचे?

परभणीजवळच्या पेडगावात एखाद्या कटलरीच्या दुकानातून केसांच्या चापांचे पाकीट घ्यावे आणि ते कुठून आले याचा माग काढावा. दुकानदार परभणीचे नाव सांगेल, परभणीचा व्यापारी मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटचे, आणि तेथला घाऊक व्यापारी बहुधा एका चिनी गावाचे : यिवू. चाप, टिकल्या, तसबीह, टॉर्च, मुलांच्या पाटीपेन्सिली, असला किरकोळ माल जगाला पुरविणारे हे गाव शांघायच्या दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटरवर, झेजियांग प्रांतात आहे. तेथल्या एकाच बाजारात सुमारे पंचाहत्तर हजार गाळे आहेत. माल निंगबो बंदरातून जहाजावर चढतो आणि न्हावाशेवाला उतरतो.

या गावात आता भारतीय, पाकिस्तानी, अरब, आफ्रिकी माणसे दुकान-गोदाम थाटून राहतात. त्यांना आपल्या भाषेचा, हिशेबाला पक्का मुलगा हवा असतो. आखाताची वाट आपल्या लोकांना ठाऊक आहे, तेथे कोणी मामा नाही तर चाचा भेटतोच. चीनची वाट नवी आहे. म्हणून तेथे राहून काम करणाऱ्या परक्या माणसाचा दिवस कसा जातो आणि तो कुठे अडकतो, हे निघण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

आधी यिवूची थोडी हकीकत. तेथली जमीन लाल आणि नापीक. शेतीचे काम नसले की तेथले शेतकरी खांद्यावर कावड घेऊन, हातात डुगडुगी वाजवीत गावोगाव हिंडत. गुळासारख्या साखरेचे तुकडे द्यायचे आणि बदल्यात कोंबडीची पिसे घ्यायची. चांगल्या पिसांचे झाडू, उरलेल्यांचे खत. आपल्याकडे केसांच्या गुंतवळावर सुया-फुगे देणारा फेरीवाला असे तोच हा धंदा. सरकारच्या लेखी अशी फेरी ही नफेखोरी होती. १९८२ साली तेथल्या स्थानिक अधिकाऱ्यांनी बाजार भरविण्यास परवानगी दिली आणि कावडीवाल्यांची मुले गाळेवाली झाली. समोर बसलेला चिनी दुकानदार पिढीजात फेरीवाला आहे, हे विसरून भाव करायला बसू नये.

भाव करताना पहिली फजिती होते ती आकड्यांची. त्यांच्या भाषेत चार म्हणजे 'स' आणि दहा म्हणजे 'श', अगदी ओठातल्या ओठात. 'शस' म्हणजे चौदा आणि 'सश' म्हणजे चाळीस. कानाला फरक कळला नाही की हिशेब कोठल्या कोठे जातो. त्याहून गंमत 'माय' या शब्दाची. सूर खाली जाऊन वर आला तर विकत घेणे, सूर वरून खाली पडला तर विकणे. आपल्या मराठीत माय एकच, तेथे घेणारी वेगळी आणि विकणारी वेगळी! म्हणूनच दुकानदार तोंडाने बोलत बसत नाही, कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून पुढे करतो. तो हाताशी नसला तर बोटे दाखवतो. अंगठा आणि करंगळी उघडी म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी उघडी म्हणजे आठ. नवखा माणूस दोन बोटे पाहून दोनच समजतो. बैलबाजारात उपरण्याखाली बोटे दाबून सौदा करणाऱ्या आपल्या दलालांना ही विद्या दोन दिवसांत येईल, शिकलेल्या पोरांना थोडा वेळ लागेल.

भाषा शिकल्याशिवाय मात्र गत्यंतर नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले. सोबतचे डॉक्टर परतले, ते राहिले. चिनी बोलायला-वाचायला शिकले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. चिनी लोकांनी त्यांना 'के दीहुआ' हे नाव दिले होते. आजही परक्या माणसाचे नाव जिभेवर बसले नाही की तेथले लोक त्याला चिनी नाव देतात. राग मानू नये. त्याच नावाने तुमचे खाते लिहिले जाते, म्हणून ते नाव कोणते आणि कसे लिहितात हे मात्र पक्के पाठ असावे.

खाण्याचे म्हणाल तर 'चिंगचन' हा शब्द लक्षात ठेवावा. हलाल खाणावळीवर तो असतो. पूर्वी पाटीवर अरबी अक्षरेही दिसत, गेल्या काही वर्षांत अनेक शहरांतून ती काढली गेली, तेव्हा त्या शब्दाची दोन चिनी अक्षरे कागदावर लिहून खिशात ठेवावीत. वायव्येकडल्या हुई मुसलमानांच्या शेवयांच्या खाणावळी बहुतेक शहरांत सापडतात. यिवूत मोठी मशीदही आहे. मात्र परवानगी असलेल्या जागेबाहेर चार माणसे जमवून धार्मिक कार्यक्रम करण्यास परदेशी माणसाला मनाई आहे, हे पाळावे. भाड्याच्या खोलीत उतरल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाला करतो. घर बदलले की पुन्हा नोंद. गूगल, व्हॉट्सॲप तेथे साध्या मार्गाने चालत नाहीत. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर फोन लागला नाही म्हणून घरात रडारड सुरू होते.

आता मुख्य मुद्दा. यिवूतला एजंट म्हणजे आपल्या मोंढ्यातला अडत्याच. परदेशी गिऱ्हाईक माल पसंत करते, एजंट तो पन्नास-शंभर गाळ्यांतून गोदामात गोळा करतो, पेट्या मोजून पावती देतो आणि कंटेनर रवाना करतो. कमिशन शेकड्यामागे थोडे. थोडी रक्कम आगाऊ आणि बाकी माल निघताना, अशी चाल आहे. पण ओळखीच्या एजंटला दुकानदार महिना-दोन महिन्यांची उधारीही देतात. त्या उधारीचा आधार एवढाच, की गोदामात माल उतरवून घेणारा माणूस रोज डोळ्यांसमोर आहे. पावतीवर सही त्याची असते. मालक दुबईत आहे की मुंबईत, गाळेवाल्याला ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतो तो सही करणारा चेहरा.

डिसेंबर २०११ मध्ये नेमके हेच घडले. एका व्यापारी कंपनीचा मालक देणी थकवून पसार झाला. येणेकऱ्यांनी कंपनीत काम करणाऱ्या दोघा भारतीयांना धरून ठेवले. मालक आपण नव्हे, हे ते सांगत राहिले. त्यांच्या सुटकेसाठी यिवूच्या न्यायालयात गेलेले भारतीय वकिलातीचे मधुमेही अधिकारी तासन्‌तास खोळंबल्यावर तेथेच बेशुद्ध पडले आणि त्यांना इस्पितळात न्यावे लागले. जानेवारी २०१२ मध्ये भारतीय दूतावासाने व्यापाऱ्यांना यिवूपासून दूर राहण्याची सूचना काढली. कालांतराने व्यापार पूर्ववत झाला, पण सही करणाऱ्या नोकराची जागा तीच राहिली.

जामीनकीचा हा प्रश्न जुना आहे. १७५७ ते १८४२ या काळात युरोपी आणि आपल्या मुंबईच्या व्यापाऱ्यांना फक्त कँटन बंदर खुले होते. मुंबईचे कोकणी मुसलमान व्यापारी महंमद अली रोगे हे जमशेटजी जीजीभाईंचे चीन-व्यापारातले भागीदार होते. (त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, तेव्हा त्या दौलतीचे कौतुक बेताने करावे.) त्या काळी प्रत्येक परदेशी जहाजाला एक चिनी व्यापारी जामीन राहत असे. परक्याची चूक त्या चिनी जामिनाला भोवत असे. आता उलटे आहे, परका नोकरच नकळत मालकाचा जामीन होऊन बसतो.

तेव्हा नोकरीचे बोलणे करताना पगारावर न थांबता काही गोष्टी आधीच सांगून टाकाव्यात. पावतीवर कंपनीचा शिक्का उमटल्याशिवाय आपली सही करणार नाही. चीनमध्ये कंपनीच्या गोल लाल शिक्क्याला सहीपेक्षा मान आहे, आणि शिक्का कोणाच्या कपाटात आहे यावरून खरा मालक ओळखता येतो. प्रत्येक पावतीची प्रत स्वतःजवळ ठेवावी. पासपोर्ट कोणाकडे तारण ठेवू नये. आणि 'तुला कंपनीचा कायदेशीर प्रतिनिधी करतो' असे मालक गोड बोलून म्हणाला तर तो मान नव्हे, दोरखंड आहे. कंपनीचा दावा उभा राहिला की न्यायालय त्या प्रतिनिधीला देश सोडण्यास बंदी करू शकते, आणि दावा मिटेपर्यंत विमानतळावरून परत फिरावे लागते.

व्हिसाचेही तसेच. व्यापाराच्या व्हिसावर माल पाहता येतो, सौदा करता येतो, नोकरी करता येत नाही. नोकरीला कामाचा परवाना आणि राहण्याचा परवाना दोन्ही लागतात, आणि परवान्यावर ज्या कंपनीचे नाव त्याच कंपनीत काम करावे लागते. पकडले गेल्यास पाच हजार ते वीस हजार युआन दंड आहे, प्रकरण गंभीर असल्यास पाच ते पंधरा दिवस कोठडीही. 'आधी ये, कागद नंतर करू' म्हणणाऱ्याला सरळ नकार द्यावा.

जे नोकरीसाठी नव्हे तर स्वतःच्या दुकानाच्या खरेदीसाठी जातील त्यांनी आयात-निर्यात कोड आधी काढावा. खेळण्यांचा मोह टाळावा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे आणि २०२० पासून त्यांवरील आयात शुल्कही मोठे वाढले आहे. यिवूत स्वस्त मिळालेली पेटी न्हावाशेवाला अडकून पडते. चिनी नववर्षाच्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, कामगार गावी जातात आणि कारखाने बंद असतात. ईदचा माल त्याच दिवसांच्या आसपास लागणार असेल तर ऑर्डर दिवाळीच्या सुमारासच द्यावी. २०२० मध्ये बंद पडलेली थेट विमाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता–ग्वांगझोपासून पुन्हा सुरू झाली. तोवर बँकॉक किंवा हाँगकाँगचा वळसा घ्यावा लागत होता.