तलकाडची शेती आणि परदेशातील वारस

परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांत स्थावर मालमत्तेचा वारसा ती ज्या देशात आहे त्याच्या कायद्याने ठरतो, तर ठेवी, शेअर अशा जंगम मालमत्तेला सामान्यतः मृताच्या अधिवासाचा, म्हणजे कायम राहण्याच्या इराद्याने त्याने स्वीकारलेल्या देशाचा, कायदा लागू होतो. कर्नाटकातील तलकाडला कावेरीकाठी भातशेती असलेला मालक लंडनमध्ये वारला, तरी त्या शेतीचे वारस भारतीय कायदाच ठरवतो.

वाळूत गाडल्या गेलेल्या देवळांच्या या गावाशी वारसाचाच शाप जोडला गेला आहे. १६१० च्या सुमारास श्रीरंगपट्टण म्हैसूरच्या वडियार राजांच्या हाती गेले, तेव्हा तिथल्या विजयनगरच्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिने तलकाडची वाळू होवो आणि म्हैसूरचे राजे निपुत्रिक राहोत असे म्हटल्याची आख्यायिका आहे. श्रीकंठदत्त नरसिंहराज वडियार १० डिसेंबर २०१३ रोजी निपुत्रिक वारले आणि २०१५ मध्ये अमेरिकेत शिकलेल्या यदुवीर यांना त्यांच्या पत्नी प्रमोदादेवींनी दत्तक घेतले. मात्र हा दाखला समोर ठेवून परदेशातल्या पुतण्याला पुढे दत्तक घेऊ असे म्हणत राहणे धोक्याचे आहे, कारण १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार, रूढीची मान्यता नसेल तर, १५ वर्षे पूर्ण केलेल्या किंवा विवाहित व्यक्तीला दत्तक घेता येत नाही, आणि दत्तकापूर्वी ज्याच्याकडे मालमत्ता आली आहे, त्याच्याकडून ती दत्तकामुळे काढून घेतली जात नाही.

त्यापेक्षा दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र कितीतरी सोपे आहे. ते नसेल तर हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित शेतीत पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो, मग मुलगी सिडनीला का असेना. मृत्युपत्र केलेल्यांचीही फसगत होते, कारण भारतातील मालमत्तेसाठी एक मृत्युपत्र झाल्यावर परदेशातील वकील दुसरे करतो आणि त्यातील ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ या साच्यातल्या वाक्याने पहिले निकामी होते. म्हणून प्रत्येक मृत्युपत्रात ते कोणत्या देशातील मालमत्तेपुरते आहे हे स्पष्ट लिहावेच.

मुखत्यारपत्र देऊन शेती भावाकडे सोपवणाऱ्यांनी तर विशेष जपावे, कारण साधे मुखत्यारपत्र ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. वारसांनी मृत्यूनंतर लगेच, कर्नाटकात ‘पौती खाते’ म्हणतात त्या वारसनोंदीचा अर्ज करून पहाणीत, म्हणजे सातबारासारख्या उताऱ्यात, आपली नावे लावून घ्यावीत. अनिवासी भारतीयाला शेती वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. विकायची झाल्यास खरेदीदार भारतात राहणाराच असावा लागतो.