गाडी लागते, एवढंच सांगितलं

१. मला गाडी लागते, हे जबड्याच्या ऑपरेशनआधी सांगायचं असतं हे ठाऊकच नव्हतं. आंबेनळी घाटात आलेपाक चघळत खिडकीशी बसणारी मी. पण भूलतज्ज्ञ बाईंनी नेमकं तेच विचारलं. आपफेल नावाच्या जर्मन भूलतज्ज्ञाने १९९९ साली मांडलेले चार प्रश्न त्यांनी समजावले. रुग्ण बाई आहे का? सिगारेट न ओढणारी आहे का? गाडी लागते का, किंवा आधी भुलीनंतर उलटी झालीय का? नंतर अफूच्या जातीची वेदनाशामकं लागणार का? चारही उत्तरं ‘हो’ असली, तर दहातल्या जवळपास आठ जणांना मळमळ किंवा उलटी होते. माझी चारही ‘हो’ होती. त्या क्षणी खरं सांगितल्याचं फार बरं वाटलं.

२. उलटी टाळायचं बरंचसं काम मी झोपेत असतानाच उरकलं होतं. जबड्याची हाडं कापून नव्या जागी बसवताना रक्त घशातून पोटात उतरतं आणि पोटाला ते सोसत नाही. म्हणून घशात गॉजची ओली पट्टी ठेवली होती, आणि जाग येण्याआधी नळीने पोट रिकामं केलं. भुलीचा वायू टाळून शिरेतून प्रोपोफॉल दिलं. सुरुवातीला डेक्सामेथासोन, त्याने सूजही कमी राहते, शेवटी ऑन्डान्सेट्रॉन. उलटीच्या वाटा अनेक, म्हणून औषधंही वेगवेगळी.

३. तरीही रात्री उमळून आलंच. दात रबरबँडने बांधलेले. आता गुदमरणार, असंच वाटलं. सिस्टरनी उठवून बसवलं, पुढे वाकवलं. “दाबून धरू नका, येऊ द्या.” पोटात पातळच होतं; दातांच्या फटींतून, गालाच्या कडेने ते निघून गेलं. रबर कापायची कात्री उशाशीच होती, लागली नाही. महिनाभर जिची धास्ती घेतली, ती उलटी मिनिटभरात संपली. सिस्टरांचा पाठीवरचा हात मात्र अजून आठवतो.

४. शहाळ्याचं पाणी सिरिंजने, घोटाघोटाने. घाई केली की मळमळ. रिकाम्या पोटी औषध घेतलं, तेव्हाही तेच.

५. घरी निघताना पुढच्या सीटवर बसले, कात्री पर्समध्ये. आईने सवयीने आलेपाकाची वडी हातावर ठेवली आणि मग तिच्या लक्षात आलं. मी ती घरापर्यंत मुठीतच धरून ठेवली.