एका तासाची हजेरी

धानाची कापणी संपून बांध्या मोकळ्या झाल्या, म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील गावांना शंकरपटाचे वेध लागतात. पाहुण्यांनी घरे भरून जातात. दिवसा पट रंगतो आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक उभे राहते. पटाच्या दोन्ही बाजूंना माणसांची दाटी होते. बैलांची जोडी सुटते, धुरळा उडतो आणि काही क्षणांतच निकाल लागतो. ज्याची जोडी हरली, तोही जिंकलेल्या बैलांच्या पाठीवरून हात फिरवतो. कारण ती शर्यत खरी होती, याविषयी त्याच्या मनात शंका नसते.

परंतु अशा वेळी गर्दीतून कोणी हळूच म्हणाले, “त्या बैलांना काहीतरी पाजले होते,” तर काय होते? पुरावा कोणाजवळ नसतो. तरीही जिंकणाऱ्याचा आनंद नासतो आणि हरणाऱ्याच्या मनात सल राहते. पुढच्या जोडीकडेही लोक संशयाने पाहू लागतात. संशय एकदा शिरला, की तो दोषी आणि निर्दोषी असा भेद करीत नाही.

जे गावच्या पटाचे, तेच जगाच्या मोठ्या क्रीडांगणांचे. आपल्यासमोर घडणारा पराक्रम श्रमातून आणि सरावातून आलेला आहे, या एका विश्वासावर प्रेक्षक तेथे जमतात. शरीराची शक्ती कृत्रिम रीतीने वाढवणारी जी औषधे खेळात निषिद्ध मानली जातात, त्यांना उत्तेजक द्रव्ये म्हणतात. १९८८ साली सोल येथील ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या बेन जॉन्सनने १०० मीटरची शर्यत ९.७९ सेकंदांत जिंकली, तेव्हा सारे जग थक्क झाले. अवघ्या तीन दिवसांत त्याच्या शरीरात असे द्रव्य होते हे उघडकीस आले आणि त्याचे पदक काढून घेण्यात आले. त्यानंतर प्रत्येक विलक्षण पराक्रमाबरोबर लोकांच्या मनात एक प्रश्नही उमटू लागला.

सामन्याच्या दिवशी तपासणी केली म्हणजे पुरे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण पुष्कळ द्रव्यांचा अंश काही दिवसांत शरीरातून निघून जातो; त्यांच्या बळावर कमावलेली ताकद मात्र मागे राहते. लबाडी करणारा सरावाच्या काळात औषध घेतो आणि स्पर्धेच्या दिवशी निर्मळ होऊन उभा राहतो. यासाठी तपासनीस पूर्वसूचना न देता यावा, हाच एक उपाय उरतो. आणि तो अचानक यायचा, तर खेळाडू कोठे सापडेल हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

म्हणून १९९९ साली स्थापन झालेल्या ‘वाडा’ या जागतिक उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेने नामवंत खेळाडूंसाठी एक नियम घालून दिला. तपासणीच्या यादीत नाव असलेल्या खेळाडूने दर तीन महिन्यांसाठी आपला ठावठिकाणा आगाऊ कळवायचा. रात्री मुक्काम कोठे, सराव कोठे, स्पर्धा कोठे, हे त्यात असते. शिवाय पहाटे ५ ते रात्री ११ या वेळातील कोणताही एक तास त्याने स्वतः निवडायचा आणि त्या तासाला सांगितलेल्या ठिकाणी हजर राहायचे. बेत बदलला, तर तसे कळवायचे. तपासनीस आला आणि खेळाडू भेटला नाही, तर ती चाचणी चुकली असे धरतात. ठावठिकाणा वेळेवर न कळवणे हीही चूकच गणली जाते. अशा तीन चुका बारा महिन्यांत झाल्या, तर खेळाडूच्या शरीरात कोणतेही द्रव्य सापडले नसताना त्याच्यावर साधारणपणे दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

खेळाडू भेटला, तर पुढील काम नेमस्तपणे चालते. समोर ठेवलेल्या मोहोरबंद संचांतून तो स्वतः एक निवडतो. त्याच्या लघवीचा नमुना दोन बाटल्यांत विभागला जातो आणि त्या बंद केल्या जातात. प्रयोगशाळेला केवळ क्रमांक कळतो, नाव कळत नाही. पहिल्या बाटलीत दोष आढळला, तर दुसरी उघडून खातरजमा करून घेण्याचा हक्क खेळाडूला असतो. चोर पकडणारी ही व्यवस्था सज्जनाचेही रक्षण करते, ते असे.

पण दार ठोठावले आणि आत कोणीच नसले, तर? बंद दार काही बोलत नाही. २००४ साली अथेन्स येथील ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ग्रीसचे दोन धावपटू, कोस्टास केंटेरिस आणि कॅटेरिना थानू, तपासनीसांना सापडले नाहीत. आपल्याला मोटारसायकलचा अपघात झाला, असे त्यांनी सांगितले. त्यांच्याच देशात ऑलिंपिक भरले असताना त्यांना स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. दोनच वर्षांनी, २००६ साली, इंग्लंडची क्रिस्टीन ओहुरुओगू हिच्या चुकलेल्या चाचण्यांची संख्या तीन झाली. कधी सरावाची जागा बदलली आणि ती कळवायची राहून गेली. तिच्या शरीरात उत्तेजक द्रव्य कधीही आढळले नव्हते. प्रकार विसराळूपणाचा होता. तरीही तिला एक वर्षाची बंदी भोगावी लागली. बंदी संपल्यावर महिन्याच्या आत तिने जागतिक स्पर्धेत ४०० मीटरची शर्यत जिंकली आणि २००८ साली बीजिंगला ऑलिंपिकचे सुवर्णपदकही मिळवले. चुकलेल्या चाचण्यांची चर्चा मात्र त्या विजयांच्या मागोमाग चालतच राहिली. विसरणाऱ्याचे दार आणि लपणाऱ्याचे दार बाहेरून अगदी सारखे दिसते. या नियमाची सारी कठोरता त्यातून आली आहे.

आपल्या देशात या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा क्रिकेटच्या निमित्ताने झाली. २००९ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ठावठिकाणा कळवण्याच्या अटीस नकार दिला. खेळाडूंच्या सुरक्षिततेला धोका पोहोचेल आणि त्यांच्या खासगी जीवनात ढवळाढवळ होईल, असा मंडळाचा आक्षेप होता. पुढे दहा वर्षे मंडळाने तपासणीची स्वतःची व्यवस्था चालवली.

त्या व्यवस्थेची कसोटी २०१९ साली लागली. विरारचा पृथ्वी शॉ हा मुंबईचा गुणी फलंदाज. त्याच्या नेतृत्वाखाली भारताने २०१८ साली १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला होता. त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा काढल्या होत्या. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूर येथे सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी घेतलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालीन आढळले. हे निषिद्ध द्रव्य खोकल्याच्या काही औषधांत असते. ते अजाणतेपणी पोटात गेले, हा त्याचा खुलासा मंडळाने मान्य केला आणि ३० जुलै रोजी आठ महिन्यांची बंदी जाहीर केली. मात्र ही मुदत मागील १६ मार्चपासून मोजण्यात आली. आणि त्यानंतरच्या आठवड्यांत तो मोठ्या स्पर्धेत खेळला होता. लोकांनी प्रश्न विचारले. मंडळाचा निर्णय प्रामाणिक असेलही. पण खेळाडू ज्याचा, तपासणी ज्याची आणि न्यायही त्याचाच, अशा ठिकाणी प्रामाणिक निर्णयावरही लोकांचा विश्वास बसणे कठीण जाते. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०१९ मध्ये, क्रिकेटपटूंची तपासणी ‘नाडा’ या राष्ट्रीय संस्थेकडे सोपवण्यास मंडळ राजी झाले.

तरी हजेरीची सवय एका दिवसात अंगवळणी पडत नाही. जून २०२० मध्ये ठावठिकाणा वेळेवर न कळवल्याबद्दल पाच क्रिकेटपटूंना नाडाने सूचनापत्रे पाठवली. त्यांत चेतेश्वर पुजारा, रवींद्र जडेजा, के. एल. राहुल आणि दीप्ती शर्मा यांच्याबरोबर सांगलीच्या स्मृती मानधना यांचेही नाव होते. माहिती भरण्याच्या सांकेतिक शब्दाची तांत्रिक अडचण आल्याने हे घडले, असे मंडळाने कळवले. यात कोणी द्रव्य घेतल्याचा प्रश्नच नव्हता. पण वृत्तपत्रांत नावे छापून आली आणि कित्येक वाचकांच्या मनात क्षणभर पाल चुकचुकली. कागदावरची एक रिकामी जागा केवढा घोटाळा माजवते, ते यावरून दिसून आले.

मग २००९ सालचा आक्षेप निराधार होता काय? तसे म्हणता येणार नाही. वर्षाच्या प्रत्येक दिवशी आपला ठावठिकाणा परक्याला सांगणे हे ओझेच आहे. जानेवारी २०१८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही मान्य केले, की या नियमामुळे खासगी जीवनात हस्तक्षेप होतो. परंतु खेळाडूंचे आरोग्य आणि खेळाची सचोटी यांसाठी तो हस्तक्षेप योग्य आहे, असा निवाडा त्या न्यायालयाने दिला. तेव्हा ओझे आहे हे खरे. ते कशासाठी वाहायचे, हेही तितकेच खरे.

शिवाय हजेरी केवळ खेळाडूनेच द्यायची असे नाही. तपासणाऱ्यांनाही तिच्यातून सुटका नाही. दिल्ली येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या कामात त्रुटी आढळल्यामुळे वाडाने ऑगस्ट २०१९ मध्ये तिची मान्यता स्थगित केली. त्या त्रुटी दूर झाल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये ती परत मिळाली. तराजूच खोटा असेल, तर मालाची पारख काय होणार? जो दुसऱ्यास तपासतो, त्याने स्वतःही तपासणीस उभे राहिले पाहिजे.

विश्वास ही मागून मिळणारी वस्तू नव्हे. “माझ्यावर विश्वास ठेवा,” असे म्हणून दार लावून घेणाऱ्यापेक्षा “या, पाहून जा,” असे म्हणून दार उघडणारा अधिक मोठा. खऱ्या खेळाडूला तो एक तास अपमानाचा वाटण्याचे कारण नाही. आपल्या घामाची साक्ष जगापुढे ठेवण्याची ती संधी आहे. ज्या दिवशी हरलेला माणूस निःशंक मनाने जिंकणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवू शकतो, त्या दिवशी खेळ जिंकतो. मग तो खेळ ऑलिंपिकच्या मैदानावरचा असो, की धानाच्या मोकळ्या बांधीतला.

अभ्यास

१. केवळ सामन्याच्या दिवशी तपासणी करणे अपुरे का ठरते?
२. ‘विसरणाऱ्याचे दार आणि लपणाऱ्याचे दार बाहेरून अगदी सारखे दिसते,’ हे वाक्य पाठातील दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
३. ‘खेळाडूने रोजचा ठावठिकाणा कळवावा काय?’ या विषयावर दोन्ही बाजू मांडून आपले मत दहा ओळींत लिहा.
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : वेध लागणे, अंगवळणी पडणे, पाल चुकचुकणे, खातरजमा करणे.