परवान्याची परीक्षा आणि रस्त्याची परीक्षा

मुलगा बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाला कीं घरांत दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, पुढें कोणत्या महाविद्यालयांत जावयाचें. आणि दुसरा, तेथें जावयाचें कशानें. पहिल्या प्रश्नाचा विचार महिनोन्‌महिने चालतो, चार जाणत्यांस विचारलें जातें. दुसऱ्याचा निकाल मात्र बहुधा एका संध्याकाळीं लागतो. मोटारसायकल घ्यावयाची, आणि ती चालवावयास मामा, काका किंवा शेजारचा दादा शिकवील, असें ठरून जातें. "पैसे भरून शिकण्यासारखें त्यांत काय आहे?" असें अनेक पालकांनीं आम्हांस विचारलें आहे. या प्रश्नाचें उत्तर आम्हीं एकदां फार घाईनें दिलें, आणि तें चुकलें. म्हणून येथें तोच प्रश्न सावकाश सोडविण्याचा आमचा विचार आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. एक बाई आपल्या मुलाचा दाखला न्यावयास शाळेंत आल्या. घरांत मिळवत्या त्या एकट्याच. शिवणकामावर संसार चाललेला. मुलास अठरा वर्षें नुकतीच पूर्ण झालीं होतीं आणि नात्यांतल्या कोणाची जुनी मोटारसायकल त्यांनीं विकत घेतली होती. जातां जातां त्यांनीं विचारलें, "सर, ड्रायव्हिंग स्कूलवाले पैसे मागतात. त्याचा मामा फुकट शिकवतों म्हणतो. काय करूं?" आम्ही हंसून म्हणालों, "बाई, त्याला सायकल येते ना? मग मोटारसायकल आठ दिवसांत येईल. ते पैसे पुस्तकांसाठीं ठेवा."

मुलगा चलाख होता. मामानें मैदानावर चुन्यानें आठाचा मोठा आकडा आंखून दिला. मुलानें त्यावर फेऱ्या घातल्या, आणि परीक्षेंत तो पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाला. पुढें जूनच्या पहिल्या पावसांत तो उतारावरून येत असतां पुढें एक एस. टी. गाडी थांबली आणि तिच्या आडून एक वृद्ध गृहस्थ रस्ता ओलांडूं लागले. "पुढच्या ब्रेकला हात लावूं नकोस, उलटशील," हा मामाचा उपदेश मुलाच्या मनांत पक्का बसला होता. त्यानें मागचा ब्रेक पायाखालीं दाबून धरला. मागचें चाक घसरलें, मोटारसायकल आडवी झाली आणि मुलगा तिच्याखालीं आला. ते गृहस्थ बचावले. मुलाच्या मांडीचें हाड मोडलें आणि त्याचें एक वर्ष वायां गेलें. आम्ही रुग्णालयांत गेलों तेव्हां त्या माउलीनें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. मुलगा मात्र म्हणाला, "सर, परीक्षेंत आठ मीं एकदांही पाय न टेकतां काढला होता."

हें त्याचें वाक्य आमच्या मनांतून जात नाहीं. आठ उत्तम काढणारा मुलगा रस्त्यावर कां पडला, हें समजून घेतलें म्हणजे पालकांच्या प्रश्नाचें उत्तर सांपडेल.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. मोटार वाहन कायदा, १९८८ याप्रमाणें सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालविण्यास वयाचीं १८ वर्षें पूर्ण असावीं लागतात. केवळ ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीस १६ वर्षांची मुभा आहे. आधीं शिकाऊ परवाना मिळतो. तो ६ महिने चालतो, आणि तो मिळाल्यावर निदान ३० दिवस गेल्यावांचून पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येत नाहीं. या काळांत वाहनावर पांढऱ्या पाटीवर तांबडें 'एल' अक्षर लावावें लागतें, आणि शिकविणाऱ्याजवळ त्या वाहनाचा परवाना असावा लागतो. मालवाहू किंवा प्रवासी वाहतुकीच्या वाहनाचा परवाना मागणारास ड्रायव्हिंग स्कूलचें प्रमाणपत्र दाखवावें लागतें. स्वतःच्या मोटारसायकलीसाठीं तें लागत नाहीं. तेव्हां परवानाधारक मामानें शिकविणें यांत बेकायदेशीर असें कांहीं नाहीं. निवड कायद्यानें आपल्यावरच सोपविली आहे. ते ३० दिवस सरावासाठीं आहेत; आपण ते बहुधा परीक्षेच्या तारखेची वाट पाहण्यांत घालवितों.

आतां परीक्षेकडे वळूं. आठाच्या आकड्यांत तोल, क्लचवरील ताबा आणि वळणाकडे नजर ठेवण्याची संवय यांची पारख होते. ती निरुपयोगी नव्हे. परंतु आठ काढतांना वाहन माणसाच्या चालीनें चालतें. तेथें जोरानें थांबण्याचा प्रसंगच येत नाहीं. ज्यानें पुढच्या ब्रेकचा उपयोग जन्मांत केला नाहीं, तोही त्या मैदानावर निर्दोष ठरतो. उलट रस्त्यावर उभी एस. टी. असते, रात्रीं दिव्यावांचून चाललेली उसाची ट्रॉली असते, पहिल्या पावसानें निसरडें झालेलें डांबर असतें. तेथें प्रश्न तोलाचा नसतो. वेळेंत थांबतां येतें कीं नाहीं, एवढाच असतो.

थांबण्याचें शास्त्र आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस कठीण नाहीं. एस. टी.नें ब्रेक लावला कीं उभे प्रवासी पुढें झुकतात, हें सर्वांनीं अनुभविलें आहे. मोटारसायकलीचेंही तसेंच. वेग रोखूं लागतांच भार पुढच्या चाकावर येतो व मागचें चाक हलकें होतें. ज्यावर भार अधिक तें चाक जमीन घट्ट धरतें. हलकें चाक लवकर घसरतें. म्हणून थांबविण्याचें पुष्कळसें काम पुढच्या चाकाचें आहे.

थोडें गणित करूं. ताशीं ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदास सुमारें ११ मीटर. धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंत १ सेकंद गेला असें धरलें, तर तेवढ्यांतच ११ मीटर संपले. पुढें सुक्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावल्यास दर सेकंदास ६ मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी होतो असें माना, आणि केवळ मागच्या ब्रेकनें त्याच्या निम्मा, म्हणजे ३. वेगाच्या वर्गास मंदनाच्या दुपटीनें भागलें असतां अंतर निघतें. पहिल्या रीतीनें तें सुमारें १० मीटर येतें, दुसऱ्या रीतीनें २० मीटर. हा फरक जवळजवळ एका एस. टी. गाडीच्या लांबीइतका आहे. त्या वृद्ध गृहस्थांत आणि आमच्या विद्यार्थ्यांत एवढेंच अंतर कमी पडलें.

मामाचा उपदेश अगदीं निराधार होता असें नव्हे. पुढचा ब्रेक एकदम खेंचला, किंवा वळणावर अथवा वाळूवर दाबला, तर माणूस पडतो. परंतु त्यावरून ब्रेकच वापरूं नये असें ठरत नाहीं. वाहन सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक एकत्र, आधीं हळू व मग वाढत्या दाबानें लावावे. ओल्या रस्त्यावर वेग आधींच कमी ठेवून दाब अधिक सावकाश वाढवावा. हें वाचून येत नाहीं, सरावानें हातास लागतें. २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या मोटारसायकलींस एबीएस ही यंत्रणा सक्तीची झाली आहे. ती चाक अडकूं देत नाहीं हें खरें. पण ब्रेक केव्हां व किती दाबावयाचा हें ती ठरवीत नाहीं.

ही चूक एकट्या आमच्या विद्यार्थ्याची नव्हे. अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें प्राध्यापक हॅरी हर्ट व त्यांचे सहकारी यांनीं ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ सालीं निघाला. त्यांत असें आढळलें कीं संकट टाळण्यास चालकास दोन सेकंदांहून कमी वेळ मिळतो, आणि त्या वेळांत बहुतेकजण मागचा ब्रेक अतिशय दाबून चाक घसरवितात व पुढचा ब्रेक पुरेसा वापरीत नाहींत. या चालकांपैकीं ९२ टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते.

येथें विद्यार्थ्यांनीं सावध असावें. केवळ ९२ हा आंकडा कांहींच सिद्ध करीत नाहीं. रस्त्यावरचे सारेच चालक जर घरींच शिकलेले असतील, तर अपघातांतही तेच अधिक दिसणार. हर्ट यांनीं अपघात न झालेल्या चालकांशींही तुलना केली आणि शिक्षणाचा लाभ होतो असें म्हटलें. परंतु २०१० सालीं कोक्रेन या संस्थेच्या समीक्षेंत जगांतील अशा अनेक अभ्यासांची छाननी झाली, तेव्हां ते अभ्यास पुरेसे काटेकोर नसल्यामुळें कोणतें शिक्षण अपघात खात्रीनें टाळतें हें सांगतां येत नाहीं, असा निष्कर्ष निघाला. यांतून आम्ही एवढेंच घेतों कीं फी भरली म्हणजे सुरक्षितता विकत मिळाली असें होत नाहीं. शिक्षण या एका शब्दाखालीं फार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. कोणती वस्तू घ्यावी हाच खरा प्रश्न आहे.

ब्रिटनमध्यें १९९० पासून शिकाऊ मोटारसायकलस्वारास रस्त्यावर येण्यापूर्वीं सक्तीचें प्राथमिक शिक्षण घ्यावें लागतें. प्रथम बंद जागेंत सराव होतो; नंतर निदान २ तास प्रत्यक्ष रस्त्यावर, आणि शिक्षक मागून आपल्या मोटारसायकलीवर येत रेडिओवरून सूचना देत असतो. आपल्याकडे अशी सक्ती नाहीं. तरी पालक तोच नमुना मनांत ठेवून चौकशी करूं शकतात. पैसे भरण्यापूर्वीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. प्रत्यक्ष वाहनावर किती तास मिळतील, आणि एका शिक्षकामागें किती शिकाऊ असतात? वेगांतून ठरलेल्या खुणेपाशीं दोन्ही ब्रेकनीं थांबणें शिकवाल काय? मैदानानंतर चौकांत, उतारावर व संध्याकाळच्या रहदारींत न्याल काय? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणें मान्य ड्रायव्हिंग स्कूलनें खाजगी वाहनाचें शिक्षणही निदान २१ दिवस द्यावयाचें असतें, हेंही लक्षांत असावें. या प्रश्नांवर "काळजी करूं नका, लायसन्स काढून देऊं," एवढेंच उत्तर आलें, तर तेथें शिक्षण मिळत नसून कागद मिळतो असें समजावें आणि उठून यावें. समाधानकारक उत्तरें मिळालीं, तर फी द्यावी. वाहनाच्या किमतीच्या मानानें ती अल्प असते. आणि मोडलेल्या हाडाचा हिशेब तर आम्हीं पाहिलाच आहे.

ज्या घरीं खरोखरच पैसे नाहींत, तेथें मामानेंच शिकवावें. पण क्रम ठरवून शिकवावें. ते ३० दिवस चार आठवड्यांत वांटावे. पहिल्या आठवड्यांत क्लच, गिअर व तोल. दुसऱ्यांत केवळ थांबणें : मोकळ्या सुक्या मैदानावर चुन्याची रेघ आंखून ताशीं २०, मग ३० वेगानें येऊन रेघेपासून किती अंतरावर थांबलों तें टेपनें मोजावें. तिसऱ्यांत निवांत रस्ता, वळणें, मागें पाहून इशारा देणें. चौथ्यांत शिकविणाऱ्यासह रहदारी. आठाचा आकडा या सर्वांच्या शेवटीं दोन दिवसांत बसतो.

फी भरावी कीं न भरावी, हेल्मेट मात्र आधीं घ्यावें, आणि तें भारतीय मानक ४१५१ चें चिन्ह असलेलें घ्यावें. हेल्मेटमुळें अपघातांत मृत्यूचा संभव सुमारें ४२ टक्क्यांनीं व डोक्याच्या दुखापतीचा सुमारें ६९ टक्क्यांनीं कमी होतो, असें अभ्यासांत दिसून आलें आहे. सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत शेंकडा ४४.५ दुचाकीवरचीं होतीं, आणि ५०,०२९ जणांनीं हेल्मेट घातलेलें नव्हतें.

ज्या पालकांचीं मुलें अद्याप अठरा वर्षांचीं नाहींत, त्यांनीं "कोपऱ्यापर्यंतच जातो" म्हणून किल्ली देऊं नये. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें परवान्यावांचून वाहन चालविणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या पालकास किंवा वाहनाच्या मालकास २५,००० रुपये दंड व ३ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलास २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं.

गेल्या वर्षीं त्याच बाई धाकट्या मुलीचा दाखला न्यावयास आल्या. तिला स्कूटर शिकावयाची होती. या वेळीं त्यांनीं आमचा सल्ला विचारला नाहीं. पिशवींतून ड्रायव्हिंग स्कूलची पावती काढून दाखविली. "रस्त्यावर नेऊन शिकवतात, विचारून घेतलंय," त्या म्हणाल्या. सुटीच्या दिवशीं मुलगी मैदानावर थांबण्याचा सराव करते, आणि भाऊ टेप घेऊन अंतर मोजतो. तो अजून किंचित लंगडतो.

विद्यार्थ्यांसाठीं एक गणित ठेवून लेख पुरा करतों. वर दिलेल्या रीतीनें ताशीं ६० किलोमीटर वेगास दोन्ही ब्रेकनीं थांबण्याचें अंतर काढा. वेग दीडपट झाला असतां अंतरही दीडपटच होतें काय? उत्तर काढून घरीं वडिलांस व मामांस दाखवा.