मॅरेथॉन आणि पाण्याचा ग्लास

गेल्या आठवड्यात एक पंचेचाळिशीचे शिक्षक दवाखान्यात आले. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पळायची म्हणून 'फिट' असल्याचा दाखला हवा होता. वर्षभर रोज पहाटे पळतात. नाडी मिनिटाला ५८, रक्तदाब उत्तम. निघताना सहज म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पाण्याची चिंता नाही. वाटेतल्या प्रत्येक टेबलावर दोन ग्लास पिणार, तहान असो वा नसो." मी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवले.

मुंबईची ही शर्यत २००४ साली सुरू झाली. अंतर ४२.१९५ किलोमीटर. मार्गात अधूनमधून बदल होतात, पण वर्षानुवर्षे धावपटूंना धडकी भरवतो तो परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ. तसा तो काही घाट नव्हे. पण पस्तीसेक किलोमीटर पळून झाल्यावर उड्डाणपूलही घाट वाटतो.

याचे कारण शरीराच्या कोठारात आहे. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली असते. त्यातून दोन हजारांच्या आसपास कॅलरी मिळतात. साठ किलोच्या माणसाला हे अंतर पळायला सुमारे अडीच हजार लागतात. चरबी मदतीला असतेच, पण ती सावकाश जळते. म्हणून तिसाव्या किलोमीटरनंतर पाय शिशाचे होतात. वाटेत थोडे थोडे गोड खाणे यासाठीच. मात्र काय पचते ते सरावाच्या दिवसांतच पाहून ठेवावे.

त्यात मुंबईची दमट हवा. घाम नुसता गळून अंग थंड होत नाही, तो वाळावा लागतो. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत पळणाऱ्याला हा फरक तिथे गेल्यावरच कळतो. घरच्या वेगाने तिथे पळू नये, सुरुवातीला तर मुळीच नाही.

आता पाणी. कमी प्यायल्याने त्रास होतो हे सर्वांना ठाऊक आहे. जास्त प्यायल्याने जीव जाऊ शकतो, हे फार थोड्यांना. घामातून मीठही जाते आणि आपण वरून नुसते पाणी ओततो. श्रमात मूत्रपिंडे जादा पाणी लवकर बाहेर टाकत नाहीत. रक्तातील सोडियम, जे एरवी १३५ ते १४५ असते, पातळ होऊन खाली येते आणि मेंदूला सूज येते. अमेरिकेत २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे १३ टक्के लोकांचे सोडियम कमी आढळले. धोका अधिक होता तो शर्यतीत वजन वाढलेल्यांना आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना. म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या हौशी मंडळींना! बाटलीतली रंगीत पेयेही यातून वाचवत नाहीत. त्यांतही बहुतांश पाणीच असते.

मग किती प्यावे? तहान लागेल तितके. अंदाजासाठी काटा वापरावा. सरावाला तासभर पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करावे. एक किलो घटले, तर शरीरातले जवळपास एक लिटर पाणी कमी झाले. थोडी घट चालते. पण वजन वाढले, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यालात हे नक्की.

मळमळ, डोकेदुखी, बोटातली अंगठी घट्ट होणे, मग असंबद्ध बोलणे आणि झटके, ही सोडियम घटल्याची लक्षणे. उष्माघातातही माणूस बरळतो. बघणाऱ्याला दोन्हींतला फरक कळणे अवघड. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका, सलाइनचा आग्रह धरू नका. वैद्यकीय पथकाला लगेच बोलवा. अंग भाजत असेल तर पथक येईपर्यंत थंड पाणी, बर्फ, वारा, जे मिळेल त्याने अंग थंड करा.

आणखी एक. गुडघा दुखू नये म्हणून पहाटेच वेदनाशामक गोळी घेऊन उभे राहणारे पुष्कळ. पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडांना या गोळ्या इजा करतात आणि शरीरात पाणीही साठवतात. त्या घरीच ठेवाव्यात.

हे सारे शिक्षक महाशयांना सांगत असताना बोलता बोलता कळले, की त्यांचे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. आणि चढावर अलीकडे त्यांना स्वतःला छातीत "थोडे भरल्यासारखे" वाटते. दाखल्याचा कागद मी खणात ठेवला आणि त्यांना ईसीजी व ट्रेडमिल चाचणीसाठी चिठ्ठी लिहून दिली. तोवर पळणे बंद. ते नाराज होऊन गेले. चाचणी येत्या मंगळवारी आहे.