जिथे सांधा तिथे तोंड

आजीचं चांदीचं कडं माझ्याकडे आलं ते एकटंच. त्याचा जोड कुठे गेला ते शेवटी सांगते. या एका कड्याच्या नादाने मी जुन्या चांदीवरचे प्राणी बघत सुटले आणि बऱ्याच गोष्टी चुकूनच शिकले.

1. आजी पाथर्डी तालुक्यातली. ती याला ‘मगरीचं कडं’ म्हणायची, म्हणून मीही वर्षानुवर्षं त्यात मगरच पाहिली. एकदा नीट उन्हात धरलं, तेव्हा जबड्यावर वर वळलेली सोंड दिसली. सोंड असलेली मगर कुठल्या नदीत असते? हा मकर. जबडा मगरीचा, सोंड हत्तीची, मागे माशाचं शेपूट. गंगेचं आणि वरुणाचं वाहन हेच, कामदेवाच्या ध्वजावरही हाच. कड्यावर मात्र त्याचं फक्त डोकं असतं. बाकीचं अंग म्हणजे कडं, म्हणजे घालणारीचं मनगट कायम मकराच्या वेटोळ्यात.

2. तोंड कुठे बसवलंय ते बघावं. कड्याची दोन टोकं जिथे भेटतात तिथेच मकर समोरासमोर येतात. टोक जाड केल्याशिवाय खिट्टीला भोक पाडता येत नाही, आणि जाड टोक नुसतं ठेवलं तर ओबडधोबड दिसतं. मग त्याला डोकं, डोळे, दात. दंडातल्या नागाच्या वाकीचंही तसंच. वेढे दंडावर बसतात आणि मोकळ्या टोकाला फणा येतो. कारागिराची अडचण आणि राखणदाराची जागा एकच. देवळाच्या उंबऱ्यावर, दारावर जी तोंडं असतात, त्यांचंही मला हेच वाटतं.

3. कीर्तिमुखाला राक्षस म्हणू नये. आमच्या देव्हाऱ्यात चांदीची छोटी प्रभावळ आहे. खाली दोन्ही बाजूंना मकर, वर मधोमध डोळे वटारलेलं, खालचा जबडाच नसलेलं एक तोंड, तेच कीर्तिमुख. लहानपणी मला त्याची भीती वाटे. पुढे अकोले तालुक्यात रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळावर तसंच तोंड दगडात भेटलं, आणि मग गोष्ट शोधली. जालंधराने राहूला शंकराकडे पाठवलं, पार्वतीची मागणी करायला. शंकराच्या भुवयांमधून एक भुकेलं भूत निघालं आणि राहूवर धावलं. राहू शरण आला, तशी त्या भुताला आज्ञा झाली, स्वतःलाच खा. पायापासून खात खात फक्त तोंड उरलं. शंकर प्रसन्न झाले आणि त्याला दारावर मान मिळाला.

नगरकराला यात एक जास्तीची गंमत आहे. नेवाशाला मोहिनीराजाचं देऊळ आहे. अमृत वाटताना मोहिनीने राहूचं शिर उडवलं ते तिथेच, आणि ते जिथे पडलं ती राहुरी, काया पडली ते कायगाव, असं आपल्याकडे सांगतात. म्हणजे पळणारा राहू नुसतं मुंडकं आणि मागे लागलेलाही शेवटी नुसतं मुंडकं!

4. उजळायला देऊ नका. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूंनी. ते काळेपण खोबणीत साचतं, म्हणूनच डोळा डोळा दिसतो आणि दात दात. मी हौसेने कडं एका दुकानात दिलं. त्यांनी मशीनवर बफ मारून आरशासारखं करून दिलं. एका मकराचा डोळा गेला तो गेलाच. आता दसऱ्याआधी रिठ्याच्या पाण्याने धुते, मऊ फडक्याने पुसते आणि थांबते.

5. हातात घेतल्यावर हलकं लागलं तर आत लाख असू शकते. असं कडं उकळत्या पाण्यात घालू नये, झाळ द्यायला नेलं तर आधी सांगावं.

6. टाक दागिन्यांच्या डब्यात ठेवायचे नाहीत. हे मला सासूबाईंनी जरा जोरातच शिकवलं. ठशावर ठोकलेला तो चांदीचा पातळ पत्रा म्हणजे देवच, त्याला गळ्यात कोण घालणार? पण बघावा जरूर. खंडोबाच्या टाकावर घोडा असतो, त्याच्या पायाशी कुत्रा. तो घोडा मणी दैत्याने हरल्यावर देवाला दिलेला, अशी कथा आहे. घोड्याला हाताने चाचपलं तर आमच्या टाकावर पाठ अजून उंच लागते, देवाचा चेहरा मात्र चार पिढ्यांच्या गंधाने, पुसण्याने सपाट झालाय.

7. मोडीत जाताना प्राणी मोजत नाहीत. 1972च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात होती. त्या वर्षी जोडातलं एक कडं तिने विकलं. काट्यावर भार पाहिले, घट धरली, पैसे हातावर. सोंडेचे, दातांचे वेगळे काही नाहीत. दोन्ही का नाही विकलीस, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, दुसरं निघालंच नाही गं, खिट्टी गंजून बसली होती.

ती खिट्टी मागच्या वर्षी मी बदलून घेतली. जुनी लोखंडी होती. ती कड्याबरोबर चिंधीत बांधून ठेवली आहे.